शाळेने परत बोलावलंय, जाऊ का?

या वेळी पत्रं उघडली तर चार पत्रं जवळपास एकाच विषयावरची निघाली, आपल्या जुन्या शाळेत किंवा कॉलेजात कोच म्हणून परत जाण्याबद्दलची. चौघांनी ठरवून लिहिलेली नाहीत, एक तर थेट मिशिगनहून आलंय. जून सुरू झाला की शाळांना माजी खेळाडू आठवतात, त्याचाच हा परिणाम असावा. तर या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते, गुडघेदुखीवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातला. आठवीपासून खो-खो खेळलो, पुढे कॉलेजकडून आणि विद्यापीठाच्या टीममधून दोनदा आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो. आता वय २८, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. गेल्या महिन्यात शाळेच्या हेडसरांचा फोन आला, पोरांना शिकवायला ये म्हणाले, टीम पाच वर्षं तालुक्याच्या पुढे गेलेली नाही. त्या रात्री मला झोप नाही लागली एवढा आनंद झाला. पण आमचे जुने पीटीचे सर अजून शाळेतच आहेत, रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत, त्यांनीच मला घडवलंय आणि त्यांना बहुतेक यातलं काही माहीत नाही. मानधनाचं कोणी बोललेलं नाही आणि आपल्याच शाळेकडे पैसे मागायची मला लाज वाटते. बायको म्हणते शिफ्ट करून येता आणि वर मैदान, घरात कधी दिसणार? — नाव छापू नका

झोप लागली नाही म्हणताय म्हणजे जाणार तर तुम्ही आहातच, माझ्याकडून नुसतं हो म्हणवून घ्यायचंय. तर हो, जा. पण हेडसरांना होकार कळवायच्या आधी एका संध्याकाळी सरांच्या घरी जा, शाळेत नको, घरीच. पाया पडा, चहा घ्या आणि सरळ सांगा की हेडसरांचा फोन आलाय, तुम्ही हो म्हणालात तरच येतो. सर कदाचित लगेच हो म्हणतील, कदाचित तोंड पाडतील, कदाचित म्हणतील की मला आधीच माहीत होतं (हे बऱ्याचदा खोटं असतं पण आपण मान डोलवायची). पाच वर्षं टीम तालुक्यात अडकलीय हे हेडसरांनी तुम्हाला सांगितलं, म्हणजे ते वाक्य सरांच्या विरोधातच आहे आणि ते तुमच्या तोंडून मैदानावर एकदा जरी निघालं तरी संपलं. सर एकटे असतील, त्यांच्याकडे पीटीचे तास, परिपाठ, निवडणुकीची ड्युटी, शालेय पोषण आहाराचे हिशोब, वरून दहावीची बैठक व्यवस्था, हे सगळं असतं हो, लोकांना वाटतं पीटीचा मास्तर नुसती शिट्टी घेऊन फिरतो.

आणि व्यवहारातलं म्हणाल तर तालुक्याला, जिल्ह्याला एन्ट्री जाते ती शाळेच्या नावावर, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे, आणि टीमबरोबर शाळेचा शिक्षक म्हणून सरच जाणार. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, प्रत्येकाचे फॉर्म, वयाचे दाखले, फोटो, सही-शिक्के. तुम्ही कितीही चांगलं शिकवा, सरांनी एक फॉर्म उशिरा भरला तर तुमची पोरं घरी. म्हणून सरांकडून काम मागून घ्या, "सर, आठवड्यातले तीन दिवस सकाळची बॅच माझ्याकडे द्या, टीम निवडताना आपण दोघं बसू." आठवडाभर रोज येतो असं आनंदाच्या भरात बोलून बसू नका. तीन दिवस सांगून तीन दिवस गेलेला कोच पोरांना चालतो, सहा दिवस सांगून तीनदा गेलेला नाही चालत, आणि नाईट शिफ्टनंतर साडेसहाला मैदानावर उभं राहणं काय असतं ते तुमच्यापेक्षा तुमच्या बायकोला जास्त कळलेलं दिसतंय. तिला एकदा मैदानावर घेऊन जा, पण हे मी गंमत म्हणून सांगतेय, रोज नको.

आता पैशाचं. लाज वाटून घेऊ नका आणि "बघू नंतर" वर तर अजिबात जाऊ नका. मीही माझ्या शाळेत कोच म्हणून पहिली दोन वर्षं फुकट गेले आणि तिसऱ्या वर्षी बुटांचे पैसे मागितले तर संस्थेतले एक जण म्हणाले, अगं तू तर आपलीच ना. आपलीच म्हणून फुकट, आणि बाहेरून आलेल्या योगावाल्या बाईंना मात्र तासाचे पैसे! त्यामुळे रक्कम अगदी थोडी असली तरी ठरवून घ्या, निदान पेट्रोल आणि वर्षाला एक बुटांचा जोड, आणि शाळेकडून एक साधं पत्र घ्या ज्यात तुमचे वार, वेळ आणि काम लिहिलेलं असेल. पैशापेक्षाही ते पत्र दुसऱ्या कारणासाठी पाहिजे, तुम्ही शाळेचे नोकर नाही, बाहेरचा माणूस आहात आणि लहान मुलांमध्ये वावरणार आहात. एखाद्या पोराचा हात मोडला तर तुम्ही तिथं कुठल्या नात्याने होतात हे कागदावर असलेलं बरं. मुलींची प्रॅक्टिस असेल तर शाळेतल्या एक बाई ग्राउंडवर हव्यातच, त्यात तुमच्यावर अविश्वास वगैरे काही नाही, तसाच नियम करून टाका पहिल्या दिवसापासून.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला कोणीही सांगितलं असतं. मला खरं काळजीचं वाटतंय ते वेगळंच. तुमच्या पत्रात (इथे छापलेलं नाही, जागेअभावी कापलं) तुम्ही दीड पान एका मॅचबद्दल लिहिलंय, विभागीय सेमीफायनल, शेवटचा मिनिट, तुम्ही मधल्या पाटीत (पाठलाग करणाऱ्याने ओलांडायची नसते त्या पट्टीत) पाय टाकला, फाऊल झाला आणि तेवढ्यात समोरचा पोरगा निसटला. अकरा वर्षं झाली त्याला. ती मॅच तुम्ही बरोबर घेऊन शाळेत जाणार आहात आणि कुठल्यातरी नववीतल्या पोराकडून ती जिंकून घ्यायला बघणार आहात, हे मी एवढ्या खात्रीने सांगते कारण मी तेच केलं होतं.

मी खांबावरची खेळाडू. लांब हात, खांबाचा आधार घेऊन सूर मारायचा आणि गडी टिपायचा, त्यावरच कॉलेजात नाव झालं. शाळेत कोच म्हणून परत आले तेव्हा सातवीतली एक मुलगी होती, वाऱ्यासारखी पळायची, मी ठरवून टाकलं की ही माझी जागा घेणार. चार महिने तिला खांबावर घासली. कोपरं सोलली, गुडघे सोलले, पोरगी काही बोलेना. आमच्या जुन्या बाई तेव्हा रिटायर झाल्या होत्या पण संध्याकाळी येऊन कडुनिंबाखाली बसायच्या. त्यांनी एक दिवस मला हाक मारून विचारलं, "तिची उंची बघितलीस का? तिला खांबावर का घातलीयस, तू खांबावर होतीस म्हणून?" दुसऱ्या दिवशी तिला मधल्या चौकोनात बसवलं, तिला कुठं खो द्यायचा ते आपोआप कळायचं, समोरचा गडी कुठल्या बाजूला हुलकावणी देणार ते आधीच दिसायचं. जिल्ह्याला तिने एका डावात चार गडी टिपले. मी चार महिने वाया घालवले होते तिचे. बाईंना कधीतरी सॉरी म्हटलं, तिला म्हटलंच नाही, आता ती बँकेत आहे आणि मला रस्त्यात भेटली की पाया पडते, अजूनच कसंतरी होतं.

आणि खेळ बदललाय, तो नीट शिकून घ्या. तुम्ही मातीवर खेळलात. आता वरच्या पातळीवर मॅट आलंय. २०२२ ला पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, त्यात वजीर आला, म्हणजे असा आक्रमक जो खो मिळाल्यावर कुठल्याही दिशेला वळू शकतो, आपल्या वेळी एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत वळायची सोय नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही फायनल नेपाळशी, महिलांची ७८-४० आणि पुरुषांची ५४-३६, आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. हे सगळं तुमच्या पोरांनी मोबाईलवर बघितलेलं असणार. पहिल्याच दिवशी एखादा विचारेल सर वजीर कोण, आणि तुम्ही म्हणाल आमच्या वेळी असलं काही नव्हतं, की गेली तुमची पत. शालेय मॅचला नऊ जणांचा जुनाच खेळ खेळायचा असला तरी तुम्हाला दोन्ही माहीत पाहिजे. जमलं तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स बघा, सुट्टी मिळणं अवघड आहे मान्य, पण खेळता येणं आणि शिकवता येणं यात केवढं अंतर आहे ते तिथं पहिल्या आठवड्यात कळतं. तुम्हाला साखळीतून, म्हणजे बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी, पळता येतं. पण अकरा वर्षांच्या पोराला एकेरी साखळी शिकवायची तर पहिलं पाऊल कुठलं, हे सांगा बघू? मला सांगता आलं नव्हतं, मी नुसती पळून दाखवायचे आणि म्हणायचे असं.

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो, मुलगा युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये शिकतो. इथे जुना खेळाडू कोच म्हणून कॉलेजात परत आला की सगळं गाव वेडं होतं, आणि दोन सीझन खराब गेले की तेच लोक त्याला शिव्या घालतात. मला यातलं काही कळत नाही पण घरात जेवताना दुसरा विषय नसतो. आपल्याकडे असं असतं का हो? — एक आई

तुमच्या घरी जेवताना काय चालत असेल ते डोळ्यासमोर आलं. आधी तिथलं बघू, कारण तुम्ही नेमक्या त्याच गावात आहात जिथं दोन्ही टोकं बघायला मिळाली. जिम हार्बो १९८०च्या दशकात मिशिगनच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), २०१५ ला कोच म्हणून परत आला, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि मग कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटशी पहिल्या पाचच्या पाच मॅच हरला. २०२० चा सीझन २-४ (दोन जिंकल्या, चार हरल्या), पगार कापला. आपल्याकडे एवढ्यात पुतळा जाळला असता. पण ठेवला त्याला, २०२१ ला ओहायो स्टेटला हरवलं आणि २०२३ च्या सीझनमध्ये एकही मॅच न हरता, १५-०, नॅशनल टायटल. मध्ये नियमभंगाच्या चौकशा, सस्पेन्शन तेही झालं, आणि जिंकल्याबरोबर तो प्रोफेशनल टीमकडे निघून गेला. आणि तिथलाच जुवान हॉवर्ड, बास्केटबॉलचा, विद्यार्थी असताना गाजलेल्या फॅब फाइव्हमधला (एकाच वर्षी आलेल्या पाच नवख्या खेळाडूंमधला). २०१९ ला परतला, २०२१ ला देशातला सर्वोत्तम कोच ठरला, २०२४ ला ८-२४ असा सीझन गेला आणि काढून टाकलं.

बाहेरून शिकून, अनुभव घेऊन आलं म्हणजे जमतंच असंही नाही, मला आधी तसं वाटायचं. किर्बी स्मार्ट जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा फुटबॉलचा जुना खेळाडू, अलाबामात कितीतरी वर्षं असिस्टंट राहून २०१६ ला घरी आला आणि १९८० नंतर जॉर्जियाला पहिलं टायटल मिळवून दिलं, लगोलग दुसरंही. पण स्कॉट फ्रॉस्टसुद्धा बाहेर १३-० चा सीझन करून मगच आपल्या नेब्रास्काला आला होता, तिथं १६ जिंकल्या ३१ हरल्या, २०२२ ला गेला. पॅट्रिक युइंगने विद्यार्थी असताना जॉर्जटाउनला १९८४ चं बास्केटबॉलचं टायटल मिळवून दिलेलं, एनबीएमध्ये वर्षानुवर्षं असिस्टंट कोच होता, आणि कॉलेजात परत येऊन सहा वर्षांत ७५-१०९. मला तर वाटतं अशा घरी परतलेल्यांना जास्त लागत असणार, कारण बाहेरचा कोच हरला की तो बाहेरचा असतो, जातो दुसरीकडे. यांचे फोटो जिंकलेल्या टीममध्ये भिंतीवर टांगलेले असतात आणि हरून ऑफिसात जाताना त्याच भिंतीजवळून जावं लागतं.

आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला लाखभर माणूस येत नाही (तुमच्या गावातल्या स्टेडियममध्ये मावतो), त्यामुळे हे वेड आपल्याकडे राज्याच्या टीमबाबत दिसतं. चंद्रकांत पंडित मूळचे मुंबईचे, पण १९९८-९९ ची रणजी फायनल खेळले ते मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून, बंगळुरूला, कर्नाटककडून हरले. २०२२ ला मध्य प्रदेशचे कोच म्हणून त्याच चिन्नास्वामी ग्राउंडवर फायनल जिंकली, राज्याची पहिली रणजी. समोर मुंबई होती आणि मुंबईचे कोच होते अमोल मुझुमदार, मुंबईचे माजी कॅप्टन. दोघंही रमाकांत आचरेकर सरांचे विद्यार्थी. म्हणजे स्वतःच्या टीममध्ये परत आलेले मुझुमदार त्या दिवशी हरले, आणि पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत महिला वर्ल्ड कप जिंकणाऱ्या भारतीय टीमचे कोच तेच होते, जे स्वतः भारताकडून एकही मॅच खेळले नाहीत. मुलाला हे सांगा, एक जेवण तरी वेगळ्या विषयावर होईल.

प्रश्न : मी नाशिककडची, कॉलेजात कबड्डी खेळायचे, डावी कोपरारक्षक. लग्नानंतर आठ वर्षं मैदान बघितलं नाही. माझ्या शाळेत मुलींच्या टीमबरोबर बाहेरगावी जायला बाई नाही म्हणून मला विचारलंय, कोचिंगपण करा म्हणाले. सासूबाई म्हणतात मुलींबरोबर मुक्कामाला कशाला. आणि मला स्वतःला वाटतं आता पकड करता येईल का?

पकड तुम्हाला करायची नाहीये, त्यांना करायला लावायचीय, त्यामुळे तो प्रश्न सुटला. सहा आठवडे हळूहळू पळायला लागा, पहिल्याच दिवशी चवड्यावर बसून चढाईवालीचा घोटा धरून दाखवायला जाऊ नका, पाठ धरली की सासूबाईंचंच खरं होईल.

सासूबाईंना घेऊन एकदा जिल्ह्याची मॅच बघायला जा. खरंच सांगते. तुमच्याशिवाय त्या सोळा-सतरा वर्षांच्या बारा मुली एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपणार असतात, त्यातल्या एकीला रात्री पाळी येते आणि ती कोणाला सांगत नाही, सकाळी मॅचला नुसती उभी राहते आणि कोच ओरडतो की पाय का उचलत नाहीस. टीमबरोबर बाई का लागते ते असं असतं. कितीतरी मुलींचं नाव या एका कारणासाठी घरचे काढून घेतात, बाई बरोबर नाही मग नको जायला. तुम्ही गेलात तर निदान दोघी-तिघींचे वडील सही करतील. आणि "बाई म्हणून बरोबर चला, कोचिंग काय करायचं ते सर बघतील" असं कोणी हळूच पुढे करायला लागलं तर तिथंच अडवा, डावा कोपरा तुम्ही राखलाय, सरांनी नाही. शैलजा जैन तुमच्या नाशिकच्याच, त्यांनी इराणच्या महिला टीमला शिकवलं आणि २०१८ च्या एशियन गेम्सच्या फायनलला भारतालाच २७-२४ ने हरवून गोल्ड नेलं. आपल्याला वाईट वाटलं होतं तेव्हा, पण मला आतून जरा बरंही वाटलं होतं, काय लपवायचं.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेत एक नवीन कोच सर आलेत ते आमच्याच शाळेचे जुने खेळाडू आहेत. ते चांगले आहेत पण रोज प्रॅक्टिसच्या आधी त्यांच्या एका फायनलची गोष्ट सांगतात. अर्धा तास जातो. आणि दर वेळी गोष्ट थोडी बदलते. एकदा एका गुणाने हरले होते, एकदा दोन. त्यांना थांबवायचं कसं? ते वाईट वाटून घेतील.

बाळा, थांबवू नकोस. गोष्ट सुरू झाली की उभा राहा आणि विचार, "सर, त्या मॅचमध्ये तुम्ही कसे बाद झालात ते करून दाखवा ना." सर उठतील. एकदा उठले की सगळ्यांनी मैदानात आत जायचं आणि एकेकानं समोरच्या टीममधला गडी व्हायचं, सर सांगतील कोण कुठं होतं ते. झाली की नाही प्रॅक्टिस सुरू? आठवडाभर असं करा. मग बघ गोष्ट किती मिनिटांवर येते ते, आणि हरले होते एकाने की दोनाने तेही कळेल.

पहिलं पत्र लिहिणारे सांगलीचे दादा, तुम्ही हे वाचत असालच. घाबरू नका, मी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितलाय, या नववीतल्या पोराचं गाव वेगळं आहे.